फिलिपाइन्सच्या साहेबांस केलेला अर्ज

केज तहसील कार्यालयाच्या फाटकातून आत शिरताना डाव्या हाताला पत्र्याच्या छपराखाली चार टेबले आहेत. त्यांतील दुसरे टेबल माझे. गेली सव्वीस वर्षे मी तेथे बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीची परीक्षा घरच्या अडचणींमुळे राहिली ती राहिलीच. परंतु पदवीधर मुले आजही माझ्याकडून मसुदा करवून नेतात, आणि एका नायब तहसीलदार साहेबांनी भर कचेरीत "हा कागद कोणी लिहिला?" असे विचारून माझे अक्षर इतर कारकुनांना दाखविले होते, हे मी नम्रपणे नमूद करतो.

बाहेरच्या माणसास आमचा धंदा सोपा वाटतो. वास्तविक अर्जाचे दोन अवयव असतात, मागणी आणि कारण. मागणी असेल तेवढीच लिहावी लागते. रेशनकार्डात सुनेचे नाव चढवावयाचे असेल तर एकाच सुनेचे चढते; तेथे लेखणीला वाव नाही. सगळी कला कारणात असते. टेबलामागचा कारकून दिवसभर ढिगाने कागद वाचतो, आणि वाचता वाचताच कारणातील निम्मे मनात वजा करतो. म्हणून आम्ही दुप्पट लिहितो. हे त्यालाही ठाऊक असते आणि आम्हालाही. गुडघा दुखत असल्यास "चालण्यास सर्वस्वी असमर्थ" लिहावे, म्हणजे साहेब "थोडाफार लंगडत असेल" असे समजून सही करतात. यात कोणी कोणास फसवीत नाही, असे माझे ठाम मत होते.

एकदा एका शेतकऱ्याच्या वावराची वाट भावकीने अडविली. मी अर्जात "वाटेअभावी कुटुंबाची उपासमार होत आहे" असे लिहिले. मंडळ अधिकारी पाहणीस गेले, तर अर्जदाराच्या कारभारणीने साहेब आले म्हणून पुरणपोळीचा स्वयंपाक केला. साहेबांनी तुपाची धार घेता घेता विचारले, "उपासमार रोज अशीच असते का?" सगळे हसले. वाट मोकळी झाली. आमचा व्यवहार हा असा सर्वांना समजून असणारा आहे. तो जेथे कोणालाच समजून नव्हता, अशा एका ठिकाणी मी एकदाच अर्ज पाठविला. त्याची ही हकीकत.

मार्थाबाई साळवे या येथील मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण आहेत. यजमान वारले, मुलगा एकुलता एक. घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मुलगा शमुवेल एसी दुरुस्तीचा कोर्स करण्यास हैदराबादला गेला आणि तेथे मॉर्मन पंथाच्या मंडळींत मिसळला. हा ख्रिस्ती लोकांतलाच एक निराळा पंथ. त्यांच्यात तरुण मुलांनी दोन वर्षे घरदार सोडून, पाठवतील त्या मुलखात जाऊन धर्मसेवा करण्याची रीत आहे. शमुवेलला फिलिपाइन्स देशातील एका बेटावर नेमणूक मिळाली.

"आपलं देऊळ काय वाईट व्हतं?" असे मार्थाबाई सुरुवातीस म्हणत; देऊळ म्हणजे त्यांचे येथील चर्च. परंतु मुलाने एकदा शब्द दिल्यावर त्यांनी त्याची बॅग स्वतः भरली. "दिलाय ना शबूद? मग दोन वरसं म्हंजे दोन वरसं," एवढेच म्हणाल्या.

त्या माझ्याकडे येऊ लागल्या त्या डोळ्यांमुळे. चौथीपर्यंत शिकलेली बाई, ठळक अक्षर वाचणारी. पण मोतीबिंदू वाढत गेला आणि अक्षरे धूसर झाली. मुलाला आठवड्यातून एक दिवस, सोमवारी, घरी फोन करण्याची मुभा होती. पण फोनवर दोघांनाही रडू येई आणि "जेवलास का?" याच्यापुढे गाडी जात नसे. म्हणून तो पत्रही लिही. कागदावर लिहून त्याचा फोटो फाटकासमोरच्या झेरॉक्स दुकानात मेलने पाठवी. दुकानाचे मालक रफिकभाई तो छापून देत, मार्थाबाई संध्याकाळचा स्वयंपाक मांडण्याआधी तो घेऊन येत आणि मी वाचून दाखवी. सोमवारी दुपारी चार वाजता मी दुसरे गिऱ्हाईक घेत नसे.

त्या पत्रांमुळे मला त्या कामाची चांगली माहिती झाली. सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, मग दोन तास धर्मग्रंथ आणि तिकडच्या भाषेचा अभ्यास. नंतर पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी पाटी लावून बाहेर पडावयाचे ते रात्रीपर्यंत. पाटीवर "एल्डर साळवे". एल्डर म्हणजे वडीलधारे, असे मी समजावून सांगितल्यावर मार्थाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "एकवीस वरसांचं लेकरू! नाक पुसाया मी लागत व्हते, अन् तिकडं वडीलधारे!"

सर्वांत विशेष नियम जोडीदाराचा. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात आणि त्याला क्षणभरही सोडून जावयाचे नसते. शमुवेलचा जोडीदार टोंगा नावाच्या बेटावरचा होता. "आई, तो दाराएवढा उंच आहे आणि झोपेत घोरतो. बाजारात तो पपई बघत थांबला की मीही थांबतो. मला केस कापायचे असले की तोही न्हाव्याकडे बसतो. भांडण झालं तरी लांब जाऊन रुसता येत नाही, शेजारीच बसून रुसावं लागतं."

"नवरा-बायकोबी इतकं चिकटून ऱ्हात न्हाईत, भाऊ," मार्थाबाई म्हणाल्या.

चहा आणि कॉफी या पंथास वर्ज्य आहेत, हे वाचल्यावर मात्र त्या खरोखर काळजीत पडल्या. "लेकरू चहाबिगर सकाळी उठतंय कसं?" पुढच्या पत्रात उत्तर आले, की तिकडचे लोक आले उकळून गूळपाणी देतात, ते चालते. त्यावर त्यांचे समाधान झाले.

घराचे दार वाजवावे अशी तिकडे पद्धत नाही. अंगणात उभे राहून "ताओ पो" अशी हाक द्यावयाची. शमुवेलने अर्थ लिहिला होता: "अहो, येथे एक माणूस आहे." मी आजवर हजारो अर्जांची सुरुवात केली आहे, इतकी नेमकी सुरुवात मला सुचली नव्हती. दिवसभरात वीस घरी हाक द्यावी, तेव्हा दोन घरांत बसावयास मिळे. बाकीचे हसून "उद्या या" म्हणत. मार्थाबाईंना वाईट वाटले. मी म्हणालो, "बाई, उद्या या हे सगळ्या मुलखांत म्हणतात. मी तर त्यावरच जगतो."

दर सहा आठवड्यांनी बदलीची शक्यता. सोमवारी सुटी, म्हणजे बादलीत सदरे धुणे, जागा झाडणे, पत्र लिहिणे. कोणाचे छप्पर वादळात उडाले तर टाय काढून पत्रे चढवावयाचे, भाताची लावणी असेल तर चिखलात उतरावयाचे. "इथं मी शेतकरी झालोय," त्याने लिहिले होते, "आणि घरी असताना तू सांगितलं तरी मोरीतलं पाणी काढलं न्हाई."

उत्तरे मी लिहीत असे. मार्थाबाई तीन वाक्ये सांगत, मी त्याचे एक पान करी. "प्रकृतीस जपावे", "वरिष्ठांची मर्जी संपादन करावी" असे दोन शब्द माझ्या अनुभवातूनही घालीत असे. एकदा मुलाने लिहिले, "मामांचं अक्षर फार सुंदर आहे. पण आई, त्या कागदात तू सापडत नाहीस." मी ते वाक्य वाचून दाखविले, पण जरा घाईने.

दीड वर्ष होऊन गेले. बीडला शिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, गुरुवारी. त्याआधीच्या सोमवारी मार्थाबाई वेगळेच काम घेऊन आल्या.

"भाऊ, बेस्तरवारी माझा डोळा कापणार हायेत. आत जायच्या आधी लेकराचा आवाज ऐकावा वाटतोय. पण त्यांचा फोनचा वार सोमवार. तवा तिथल्या साहेबाला इचारा, बेस्तरवारी दोन मिनिटं बोलू देता का."

"मुलालाच सांगा ना. आज फोन झालाच असेल."

"झाला. पर म्या न्हाई सांगितलं. आधी साहेबाला इचारायचं. साहेब हो म्हनला तर लेकराला कळू द्यावं, नसता त्याचं ध्यान कामातून उडायचं."

मुलगा जाताना पालकांना कागद दिले होते, त्यात तेथील मिशनच्या अध्यक्षांचा मेलचा पत्ता होता. मी नवा कागद घेतला. परदेशी कार्यालयास अर्ज करण्याची ही माझी पहिलीच वेळ, हे मी कबूल करतो. आणि माझ्या ओळीतील उरलेल्या तिन्ही टेबलांपैकी कोणासही ही संधी आलेली नव्हती, हेही माझ्या मनात होते. दोन मिनिटांची मागणी दोन मिनिटांच्या कारणाने मान्य होत नाही, हा सव्वीस वर्षांचा धडा. मी लिहिले:

"अर्जदार ही विधवा, निराधार व अन्नपाण्यास मोताद असून तिच्यावर अत्यंत गंभीर स्वरूपाची शस्त्रक्रिया होणार आहे. सदर शस्त्रक्रियेत तिच्या जीवितास धोका संभवतो. एकुलत्या एका पुत्राचा आवाज कानी पडावा, ही तिची कदाचित अखेरची इच्छा आहे."

अर्ज लिहून झाल्यावर तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवावयाचा आणि मगच सही घ्यावयाची, हा माझ्या टेबलाचा नियम आहे. त्या दिवशी मी तो पाळला नाही. मार्थाबाईंना पोळ्यांची कणीक मळावयास जावयाचे होते, त्या घाईत होत्या, हे खरे. परंतु वाचून दाखविले तर त्या "अखेरची इच्छा" खोडावयास लावतील हे मला ठाऊक होते, हे अधिक खरे. मी बोट ठेवले तेथे त्यांनी धूसर डोळ्यांनी सही केली.

रफिकभाईंनी त्याचे मोबाइलवर इंग्रजी केले आणि पाठविण्याआधी माझ्याकडे पाहिले.

"मुन्शीजी, मोतीबिंदू का आपरेशन हय ना? जान का खतरा कायकू लिखे? इत्ता नक्को लिखो."

"अर्ज असाच असतो," मी म्हणालो. "साहेब लोक निम्मे वजा करून वाचतात."

त्यांनी खांदे उडविले आणि मूळ मराठी कागदाचा फोटो जोडून अर्ज पाठविला. त्याच रात्री ते बहिणीकडच्या लग्नाला परळीला गेले आणि दुकान आठवडाभर बंद राहिले. मंगळवारी मार्थाबाई तपासणीसाठी बीडला दाखल झाल्या. त्यांचा साधा फोन वसतिगृहाच्या कपाटात बंद पडून राहिला. माझ्यापर्यंत काही उत्तर आले नाही, तेव्हा अर्ज नामंजूर झाला असे मी समजलो. त्याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

पुढच्या सोमवारी चार वाजता मार्थाबाई फाटकातून येताना दिसल्या. डोळ्यावर काळा चष्मा. त्यांचा हात धरून एक मुलगा चालत होता, पांढरा सदरा आणि टाय घातलेला. मला अत्यानंद झाला. मी उभा राहून म्हणालो, "अरे, एल्डर साळवे! साहेबांनी तर प्रत्यक्ष पाठविले की!"

दोघांपैकी कोणी हसले नाही. शमुवेलने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तो माझाच अर्ज होता.

"मामा, शनिवारी मांजरसुंब्याला उतरलो, जीप धरली, केजात उतरून घरी पळत आलो," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, आई असंल का नसंल. अन् आई ओट्याजवळ बसून मेथी निवडत व्हती."

माझ्या तोंडून "बरे झाले" असे काहीतरी निघाले.

"काय बरं झालं?" मार्थाबाई म्हणाल्या. "ह्यानं मला परवा वाचून दावला तुमचा कागद. मोताद? म्या मोताद, भाऊ? साठ पोरींचं पोट दोन टायमाला भरते म्या. निराधार कोन? अन् अखेरची इच्छा म्हंजे मला जित्तेपनीच मसनात नेलं व्हय तुमी!"

शेजारच्या टेबलावरचे लिहिणे थांबले. मी हळू आवाजात म्हणालो, "बाई, ही अर्जाची भाषा असते. त्यांनी खात्री करावयास हवी होती."

"केली, मामा," शमुवेल म्हणाला. "आईचा फोन लागेना. दुकानावर मेल केला, उत्तर न्हाई. आमी तवा भाताच्या चिखलात व्हतो. अध्यक्ष कागद वाचून खुर्चीवरून उठले, स्वतः गाडी काढली, तीन तास चालवत आले. बुटासकट चिखलात उतरले माझ्याकडं. म्हणाले, एखादी आई असं लिहिते तवा आपण वाट पाहत बसायचं नसतं. जा."

सव्वीस वर्षांत माझ्या कागदाने कोणी साहेब खुर्चीवरून उठला नव्हता. हे माझ्या मनात आले, आणि आल्याची लाजही वाटली.

"आता?" मी विचारले.

"आता काय. सेवा मधीच सुटली. सहा महिने राहिलेत. गाव म्हणंल पळून आला, त्याचं काय न्हाई. पण अध्यक्षांना आईचा डोळा कळंल तवा त्यांना वाटंल, ह्या मायलेकांनी खोटं लिहून सुटका करून घेतली. त्या माणसानं बूट भिजवले, मामा."

मुलगा घरी आलेला होता. मार्थाबाई गप्प राहिल्या असत्या, तर तो घरीच राहिला असता. माझा कागद त्यांना आयते निमित्त होता. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "लिहा आता. खरं काय हाय ते लिहा. अन् येक येक वळ मला वाचून दावा."

तो अर्ज लिहिण्यास मला दोन तास लागले. पहिल्या मसुद्यात मी "नजरचुकीने काही मजकूर अधिक लिहिला गेला" असे म्हटले होते.

"नजरचुकीनं म्हंजे?"

"म्हणजे चुकून."

"चुकून लिहिलं व्हतं का?"

"नाही."

"मग काढा."

दुसऱ्या मसुद्यात "प्रचलित पद्धतीस अनुसरून" असे होते. तेही काढावे लागले. "अनवधानाने" गेले, "सद्हेतूने" गेले. सद्हेतू हा शब्द मला ठेवावासा वाटत होता. मी तसे म्हणालो. मार्थाबाई म्हणाल्या, "हेतू त्यो साहेब ठरवील. तुमी नुसतं काय केलं ते सांगा." शमुवेल बाकावर बसून खाली पाहत होता. शेवटी कागदावर एवढेच राहिले:

"मार्थाबाई साळवे यांना मोतीबिंदू होता. त्यांच्या जिवाला धोका नव्हता. त्या निराधार नाहीत, काम करून खातात. त्यांनी फक्त दोन मिनिटे मुलाशी बोलू द्यावे असे सांगितले होते. बाकीचे मी माझ्या मनाने लिहिले व त्यांना वाचून दाखविले नाही. यात त्यांचा व मुलाचा दोष नाही. मुलास परत घ्यावे, ही विनंती."

खाली सही कोणाची, असा प्रश्न आला. अर्ज मी लिहितो, अर्जदार दुसरा असतो. "लिहिणार" म्हणून कोपऱ्यात माझे नाव बारीक अक्षरात येते. या वेळी अर्जदार म्हणून मीच सही केली.

रफिकभाई परळीहून परतले होते. त्यांनी कागद वाचून माझ्याकडे पाहिले, पण "मैं बोला था" असे म्हणाले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा मी येथे लिहून ठेवतो.

उत्तरास नऊ दिवस लागले. तेवढे दिवस शमुवेल वसतिगृहात राबला. सकाळी साडेसहाला उठून टाक्या भरी, चहा पुढे केला तर हात जोडी. एकटा म्हणून कोठे जात नसे. सवयच मोडली होती. झेरॉक्सच्या दुकानात मेल पाहण्यास यावयाचे तरी वसतिगृहाच्या म्हाताऱ्या चौकीदारास बरोबर घेऊन येई. चौकीदार रफिकभाईंना सांगे, "मला जोडीदार केलंय बे यानं. परवा न्हाव्याकडं बसवून घेतलं. लई बेकार नोकरी हाय." रफिकभाई म्हणत, "तुम बी टाय लगाओ, चाचा." मी माझ्या टेबलावरून हे ऐके. मला त्यात बोलाविले जात नसे.

दहाव्या दिवशी रफिकभाईंनी मला हाक मारली. उत्तर माझ्या नावे होते. मी ते छापून घेतले आणि टेबल सोडून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलो. भर कचेरीच्या वेळी टेबल सोडून एवढे लांब जाण्याची ती पहिलीच वेळ. चुलीवर मोठा तवा होता. मार्थाबाई भाकरी थापत होत्या, शमुवेल पाणी भरत होता. मी उभ्याउभ्याच रफिकभाईंनी केलेले भाषांतर वाचले.

ज्या कागदात मला निदान ताकीद तरी असावी अशी माझी अपेक्षा होती, त्याच्या पहिल्या ओळीत लिहिले होते, की मुलाच्या आईच्या जिवाला कधीच धोका नव्हता हे वाचून आम्हाला फार आनंद झाला, आणि तिच्या डोळ्याला आता कसे दिसते ते कळवावे. दुसऱ्या ओळीत लिहिले होते की मुलाची जागा राखून ठेवली आहे. तिसरी ओळ तिकिटाबद्दल होती.

शमुवेलने बादली खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केले.

"आनखी काय लिहिलंय?" मार्थाबाईंनी विचारले.

"एवढेच."

"तुमाला काय बोलले न्हाईत?"

"नाही."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावले. "मग म्याबी काय बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन भाऊ, डाक्टर म्हनला, पंध्रा दिसात चष्मा भेटंल. लेकराला सांगितलंय, ठळक लिहीत जा. सोमवारचं पत्र आता माझं म्या वाचीन."

मी बरे म्हणालो.

शमुवेल त्याच आठवड्यात गेला आणि सहा महिने पुरे करून आला. सध्या तो अंबाजोगाईला एसी दुरुस्तीचे काम करतो. त्यानंतर मी कारण वाढवून लिहिणे सोडले, असे लिहिले तर ते खोटे होईल. कचेरीतले वजा करणे चालूच आहे, आणि माझ्या एकट्याच्या खरेपणाची किंमत गिऱ्हाइकाने का द्यावी? परंतु आता सहीआधी प्रत्येक कागद मी मोठ्याने वाचतो, आणि कोणी "हे काढा" म्हणाले तर वाद घालत नाही. पूर्वी घालीत असे.

ते सहा महिने पत्रे रफिकभाईंच्या दुकानातूनच निघत. सोमवारी चार वाजता मार्थाबाई नवा चष्मा लावून येत, कागद घेत आणि फाटकासमोरच्या लिंबाखाली उभ्या राहून ओठ हलवीत वाचत. एखाद्या ओळीला थांबून हसत. काय लिहिले असेल, ते माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत नसे.